सारवलेली धावपट्टी

विमान उतरवताना काय काय चुकू शकतं याची मला बऱ्यापैकी माहिती आहे. ती कुठल्या पुस्तकातून मिळवलेली नाही. कोपरापर्यंत शेणाने माखलेल्या हातांनी, कातळावर उकिडवं बसून मिळवलेली आहे, त्यामुळे ती विसरता येत नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमचा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. मी मूळची मालवणची. आचऱ्याच्या पलीकडे, देवगडच्या वाटेवरच्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका म्हणून लागले होते. वय बावीस. एका खलाशाच्या घरी पडवीलगतची खोली घेतली होती. खलाशी बोटीवर असे. वर्षातून दीड महिना घरी येई आणि तो दीड महिनाही समुद्राकडे बघत काढी. घर चालवी त्याची बायको. सगळा गाव तिला काकी म्हणत असे, मीही म्हणू लागले.

काकीची गावात ख्याती होती ती सारवणाबद्दल. आमच्याकडे घरापुढच्या अंगणाला खळं म्हणतात. पावसाने त्याची दरवर्षी दैना होते. भात कापून झालं की नवी माती घालायची, पाणी शिंपडायचं, लाकडी चोपण्याने चोपून ती सपाट करायची आणि मग शेणाने सारवायची. हे सगळ्याच बायका करतात. पण काकीने सारवलेल्या खळ्यावर हाताचे अर्धगोल असे एकात एक बसत की त्यावरून चालायला संकोच वाटावा. लग्न असो, देवळातला उत्सव असो, आधी काकीला बोलावणं जाई. तिला मात्र स्तुती आवडत नसे. "शेण ता शेणच," म्हणायची. "त्येचा काय कौतुक?"

गावावरच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, लढाईच्या दिवसांत कोणा साहेबाने कातळ तासून एक लांब पट्टा सपाट करून ठेवला होता. तिथे विमान उतरल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. गुरं तेवढी उतरत. असं असताना त्या वर्षीच्या मार्गशीर्षात बातमी आली की मुंबईहून एक मंत्री बंदराची पाहणी करायला येणार आहेत, आणि तेही विमानाने, आमच्या सड्यावर.

बातमी आणली अध्यक्षांनी. अध्यक्ष कशाचे, हे विचारण्याची पद्धत नव्हती. शाळा समितीचे होते, वाचनालयाचे होते, उत्सव समितीचे होते. गावात ज्या ज्या गोष्टीला अध्यक्ष लागे तिचे ते होते, आणि जिला लागत नसे तिला ते लावून घेत. उंच, गोरे, बोलताना डोळे मिटणारे. घरात आणि वाडीवर मालवणी बोलत. पण कोट अंगावर चढला की तोंडातून छापील मराठी येऊ लागे.

आठ दिवस सगळं गाव सड्यावर होतं. पट्ट्यावरची झुडपं उपटली, गुरांना बंदी झाली. दोन्ही कडांना चुन्याच्या खुणा केल्या. विमान धावत येऊन जिथे थांबणार तिथे मंडप उभा राहिला आणि त्याच्या पुढे आंब्याच्या डहाळ्यांची कमान. कमानीवर 'सुस्वागतम्' मीच लिहिलं. त्यानंतर अध्यक्षांनी मंडपापुढचा उघडा कातळ पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. एवढा मोठा पाहुणा उतरणार, आणि तो उघड्या कातळावर? पाहुणा खळ्यात उतरतो. मग खळं करायला हवं.

आज हे ऐकून लोक हसतात. तेव्हा कोणी हसलं नाही. मीही नाही, आणि मी तर स्वतःला फार वाचलेली समजत होते. विमानाबद्दल आम्हाला काही ठाऊक नव्हतं, पाहुण्याबद्दल मात्र सगळं ठाऊक होतं. बैलगाड्यांनी माती आली, पन्नास-साठ बायकांनी चोपणी घेतली, आणि शंभर पावलं लांब, वीस पावलं रुंद असं खळं धावपट्टीच्या शेवटाला तयार झालं. धावपट्टी त्याहून रुंद होती, पण शेण तेवढंच पुरलं.

प्रश्न उरला शेवटचा हात कधी फिरवायचा. काकी म्हणाली, "काल दोपारीच सारवूक व्हया होता. आता आज तरी आटपून घेवया. रातचा दंव पडता. सकाळचा सारवलास तर धा-अकरा वाजापर्यंत सुकाचा नाय."

"ताजा दिसूक व्हया गो," अध्यक्ष म्हणाले. "मंत्री येतत. तुझो जावय येणा नाय."

"जावय येणार असतो तर आदल्या दिवशीच सारवला असता," काकी म्हणाली.

बायका हसल्या. अध्यक्षांनी डोळे मिटले, आणि ठरलं ते त्यांच्या मनासारखंच. दुसऱ्या दिवशी फटफटताना आम्ही सगळ्या सड्यावर होतो. दंव इतकं होतं की पदर ओले झाले. सात वाजता शेवटचा हात फिरला. खळं हिरवं, गुळगुळीत आणि कोवळ्या उन्हात चमकत होतं. मी आयुष्यात इतकं मोठं आणि इतकं देखणं सारवण पुन्हा पाहिलेलं नाही.

मंत्री अकराला यायचे होते. विमान दहाला आलं.

ते मंत्र्यांचं नव्हतं. घाटावरच्या एका शहरात विमान चालवायला शिकवणारा क्लब होता. आमची पट्टी साफसूफ झाल्याचं तिथे कळलं होतं, म्हणून त्यांनी एका शिकाऊ वैमानिकाला आमच्या सड्यापर्यंत एकट्याने उडत जाऊन, उतरून परत यायला सांगितलं होतं. परीक्षेचाच भाग तो. हे आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. आणि मंत्र्यांचा बेत आदल्या संध्याकाळीच रद्द झाला होता. ती तार तालुक्याच्या गावी एका टेबलावर विश्रांती घेत होती.

तेव्हा दहा वाजता आभाळात घरघर झाली आणि सनई-चौघडा सुरू झाला.

माझ्याकडे तिसरी-चौथीची मुलं होती. विमान येणार त्याच्या उजव्या अंगाला, चुन्याच्या रेघेमागे त्यांना उभं करायचं आणि तिथून हलू द्यायचं नाही, एवढंच काम. पण पुढे मोठी माणसं आडवी आली. मागची पोरं टाचा उंचावून रडकुंडीला आली. मी म्हटलं, चार पावलं पुढे या. मी शिकवलेल्यापैकी त्यांनी ताबडतोब ऐकलेली ही एकच गोष्ट. चार पावलं ती माझ्या सांगण्याने गेली आणि पुढची वीस स्वतःच्या हौसेने. विमान पट्टीला टेकलं तेव्हा माझी निम्मी शाळा खळ्याच्या कडेला पोचली होती.

पुढचं सगळं आठ-दहा सेकंदांत झालं. एवढंसं, दोन माणसांचं विमान, कापडी पंखांचं, शेपटीखाली इवलंसं चाक. ते सरळ आणि छान धावत आलं. खळ्यात शिरलं. मग अंग चोरल्यासारखं किंचित डावीकडे सरकलं, आणि एकदम गर्रकन फिरलं. उजवा पंख कमानीत घुसला. 'सुस्वागतम्' फाटलं. नाक खाली गेलं, पंख्याची पाती मोडल्याचा आवाज झाला आणि शेपूट वर करून विमान उभं राहिलं. सनईवाला वाजवत होता. त्याचे डोळे मिटलेले होते.

आतून एक विशीतला मुलगा उतरला. ओठ फुटला होता. त्याने आधी विमानाकडे पाहिलं, मग माझ्या मुलांकडे, एकेकाला मोजल्यासारखं. ती सगळी उभी होती. मग तो शेणात खाली बसला.

अध्यक्ष हार घेऊन धावत आले होते. मंत्री नाही हे त्यांना दिसत होतं, पण हार हातात होता आणि हातातला हार परत नेण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तो मुलाच्या गळ्यात घातला.

काकी माझ्यामागून आली. तिने त्याच्या ओठाचं रक्त पदराने टिपलं. "झिला, खंयसून पडलंस रे?"

"पडलो नाही, उतरत होतो."

"आसात," काकी म्हणाली. "तुमच्यात असाच उतरत आसतले."

दुपारी तार आली. मंडपाची तोरणं उतरली, गाव जेवायला गेलं. तालुक्याहून एक शिपाई आला. विमानाला कोणी हात लावायचा नाही, असं बजावून तो विमानाच्याच सावलीत झोपला. जमिनीला हात लावायचा नाही असं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्यानेही ते कोणाला सांगितलं नाही.

मुलाची सोय शाळेच्या खोलीत झाली. अध्यक्षांचा बंगला होता, पण मंत्री न आल्यामुळे त्यांची तब्येत बिघडली होती. जेवायला तो आमच्याकडे येई. येई म्हणजे काकी त्याला सड्यावरून उठवून आणी. पहिल्या दिवशी तो ताटाकडे नुसता बघत बसला. काकीने पेज वाढली, बाजूला भाजलेलं सुकट आणि खारातली मिरची ठेवली.

"खा रे पुता. इमानाचा सुतक पाळतंस काय?"

तो पहिल्यांदा हसला आणि ओठ दुखल्यामुळे लगेच थांबला. मग हळूहळू बोलू लागला. क्लबात तो दीड वर्ष होता. परवान्याला उड्डाणाचे आठ तास कमी होते. आठच. पण त्याच्या नावावर आधीची एक मोडतोड होती. पहिल्यांदा एकट्याने उतरताना विमान उसळलं, त्याने घाबरून पुन्हा खाली दाबलं, ते पुन्हा उसळलं, आणि तिसऱ्या उडीला चाकाची दांडी वाकली. क्लबचा नियम असा की आपल्या चुकीने दुसऱ्यांदा विमान मोडलं की नाव कमी.

"सगळे असेच पडतत?" काकीने विचारलं.

"उतरतानाच," तो म्हणाला. "वर काही होत नाही हो. वर कोण आहे धडकायला?" मग त्याने क्लबातल्या कथा सांगितल्या. एकाने जमीन जवळ आली समजून विमान दहा हात उंचावरच थांबवलं आणि ते फणसासारखं खाली आलं. एकाला उन्हात ओलं शेत धावपट्टी वाटलं. विमान चिखलात रुतलं आणि तो चिखलातून चालत शेतकऱ्याकडे रस्ता विचारायला गेला. एकजण उत्तम उतरला, उतरल्याच्या आनंदात हात वर केले आणि विमान मेंढरांत घुसलं. सांगताना तो इतका रंगला की पेज संपल्याचं त्याला कळलं नाही. काकीने न विचारता पुन्हा वाढली.

"आणि आज?" मी विचारलं.

त्याचा चेहरा मिटला. "आज कळलंच नाही. ब्रेक दाबला आणि एक चाक थांबलं, एक थांबलंच नाही."

चौकशीचा साहेब परवा येणार होता. त्याला द्यायचा जबाब मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच टाकाने, माझ्याच खोलीच्या उंबऱ्यावर बसून लिहिला. अक्षर सुबक होतं. मी वाचायला मागितला, मास्तरकीची खोड. एका ओळीवर थांबले. 'विमान धावपट्टीच्या मध्यापासून डावीकडे गेले, कारण माझा अंदाज चुकला.'

"तुमचा अंदाज चुकला नव्हता," मी म्हटलं. "मुलं पुढे आली होती."

"हो."

"मग तसं लिहा."

"तसं लिहिलं तर विचारतील, मुलांना तिथे कोणी आणलं."

तो कागदाची घडी घालत होता. माझ्याकडे बघत नव्हता. मी 'लिहा' असं दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. माझी नेमणूक जूनपर्यंतची होती, ती पुढे चालवणं समितीच्या हातात होतं, आणि समितीचे अध्यक्ष कोण हे वर सांगितलंच आहे. मी म्हटलं, शाई वाळू दे अजून.

त्याच दुपारी काकी आणि मी त्याला शोधत सड्यावर गेलो. तो विमानाच्या मोडक्या पात्याशी बसला होता. काकी त्याच्याकडे गेलीच नाही. खळ्याच्या कडेला उभी राहिली आणि खाली बघत हळूहळू चालू लागली. उन्हाने सारवण आता खणखणीत सुकलं होतं, आणि आदल्या सकाळच्या ओल्या लेपात उमटलेलं सगळं त्यात जसंच्या तसं धरलं गेलं होतं.

"हय बघ गो बाय," ती मला म्हणाली. "हय दोनय चाकां फिरतत. नक्षी दिसता मा? हय तो डावीकडे वळलो. तुझी पोरां थय होती." ती दोन पावलं पुढे सरकली. "आता डावा चाक भायर गेला, कातळार. आणि उजवा माझ्या सारवणात. हय फिरूचा थांबला. हयसून फुडे नक्षी नाय, नुसतो गुळगुळीत ओरखडो. घसारला ता."

डाव्या चाकाने उघड्या कातळावर रबराचा काळा पट्टा ओढला होता. म्हणजे ते चाक अडलं होतं. उजवं ओल्या शेणावर सुटलं होतं. विमान फिरलं नसतं तरच नवल. मुलाला जे कळलं नव्हतं ते काकीने उभ्या-उभ्या वाचलं. ती ओरखड्याशी बसली, त्यावर बोट फिरवलं, आणि कितीतरी वेळ उठली नाही.

"सुकाक नाय होता," म्हणाली. "मी सांगितलेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा निरोप आला. चौकशीचा साहेब दुपारी येतोय. बायकांनी सड्यावर जमावं. खळ्याची वाताहत झालीये, ती साहेबाला काय दाखवायची? नवा हात फिरवा.

त्यांनी हे मुद्दाम केलं का, हे मला अजूनही सांगता येत नाही. केलं असेलही. पण माणसावर संशय घेण्याआधी हेही सांगायला हवं की आमच्यापैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पाहुणा येणार म्हटलं की सारवायचं. पन्नास बायका बादल्या घेऊन आल्या आणि मीही पदर खोचून त्यांच्यात बसले. एवढं कशाला, तो मुलगा स्वतः विहिरीवरून पाण्याचे हंडे आणून देत होता. आपला एकमेव साक्षीदार पुसला जातोय हे त्यालाही कळलं नाही.

आम्ही सुरुवातीच्या टोकाकडून सारवत निघालो. काकी त्या दिवशी सगळ्यांत मागे होती. शेण कालवत होती. आम्ही तीस-चाळीस पावलं उरकली असतील. ती बादली घेऊन पुढे आली, आमच्या ओळीपुढे गेली आणि थबकली. तिच्या पायाशी तो ओरखडा सुरू होत होता.

"थांबा गो!" ती ओरडली. "थांबा! हात काडा!"

आम्ही हात वर करून बसून राहिलो.

"ह्या सारवला तर झिलान काय केल्यान आणि काय नाय, ता कोण सांगतलो?"

मी मागे वळून पाहिलं. दोन चाकांच्या जोडीच्या नक्षीतून जिथे विमान डावीकडे वळलं होतं, ती जागा मागे राहिली होती. तिथे आता हिरवेगार, एकात एक बसलेले अर्धगोल होते. ते माझे होते. काकीकडून मी एवढं तरी शिकले होते.

काकीने दोघींना शेतावरच्या खोपटात, मांगरात, पिटाळून माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या झापा आणवल्या आणि उरलेल्या खुणांवर अंथरून टाकल्या. अध्यक्ष आले तेव्हा ती झापांच्या कडेवर दगड ठेवत होती.

"ह्या काय? साहेबाफुडे झापा? आणि अर्ध्यातच कित्याक सोडलास?"

"दंव पडता," काकी म्हणाली.

"आता? धा-अकराक, ह्या उन्हात?"

"काय सांगूचा नाय हो. तुमच्या सांगण्यान कधीय सुकता, तर कधीय पडता."

साहेब तळेऱ्याला चुकीच्या फाट्याला लागून, विजयदुर्गाच्या बाजूला बराच भटकून तीन वाजता पोचला. जीपमधून उतरला तो बुटका, टक्कल पडलेला, धुळीने माखलेला माणूस. लष्करातून निवृत्त झालेला असावा. अध्यक्षांनी कोट घातला होता. 'आपल्या पदस्पर्शाने ही कातळभूमी' इथपर्यंत ते आले तेव्हा साहेब विमानाला फेरी घालून परतही आला होता. त्याने मुलाचा जबाब वाचला, मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं. मुलगा समोर ताठ उभा होता. त्याने पाठीमागे धरलेले हात मला दिसत होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळलं होतं.

"झापांखाली काय आहे?" साहेबाने सहज विचारलं.

"काही नाही, साहेब. बायकांचं आपलं..." अध्यक्ष म्हणाले.

काकीने दगड पायाने बाजूला सारले आणि झापा उचलल्या. साहेबाने पाहिलं. पेन खिशात ठेवलं. मग तो सड्यावर गुडघे टेकून बसला, ओरखड्यात बोट घातलं आणि ते नाकाशी नेलं.

"शेण," तो म्हणाला. प्रश्न नव्हता, पण विश्वासही बसत नव्हता. "धावपट्टीवर शेण?"

"आमची पारंपरिक पद्धत आहे, साहेब. मंगल..."

"कधी घातलं?"

काकी पुढे झाली. म्हणाली, "त्याच दिसा. फटफटीक. मी सारवलंय. वला होता. त्येचार कोंबडी घसारली असती, इमानाची काय कथा! दोष झिलाचो नाय. सारवणाचो आसा, आणि सारवण माझा."

अध्यक्षांचं नाव तिने घेतलं नाही. ते तिच्या शेजारीच उभे होते. घेण्याची गरज नव्हती.

साहेबाने पावलांनी ओरखडा मोजला, कातळावरचा काळा पट्टा मोजला, वहीत आकृती काढली. मग मुलाला म्हणाला, "ठीक आहे, घसरलं. पण एक चाक बाहेर गेलं म्हणून फिरलं. तू मध्यावर का नव्हतास? ते तर तुझंच ना?"

"हो, सर. अंदाज चुकला."

साहेब पुन्हा पेन काढून लिहू लागला. त्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस जमिनीवर लिहिलेलं होतं आणि त्या सकाळी मी ते पुसलं होतं. आता ते फक्त माझ्या तोंडात उरलं होतं.

"मुलं पुढे आली होती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वर्गातल्यासारखा मोठा वाटला. "त्यांना वाचवायला तो डावीकडे गेला. वळल्याची खूण इथे होती. ती आम्ही आज सकाळी सारवली. मुलांना पुढे मी बोलावलं होतं."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मग ताज्या सारवणाकडे, मग माझ्या हातांकडे. नखांत शेण होतंच. "किती मुलं?" त्याने विचारलं.

"पंचवीस-तीस."

तो मुलाकडे वळला. मग वहीचं ते पान त्याने फाडून खिशात घातलं आणि नव्या पानावर लिहायला सुरुवात केली. जाताना काकीला त्याने नमस्कार केला. अध्यक्षांनी तो आपल्याला समजून परत केला.

अहवालाची प्रत पुढे शाळेत आली. त्यात शेण नव्हतं. 'धावपट्टीच्या पृष्ठभागावरील सेंद्रिय स्वरूपाचा ओलसर लेप' असं काहीसं होतं. सरकारी कागदात शेणाला जागा नसते, हे मला तेव्हा कळलं. पण त्याखाली 'वैमानिकाकडे दोष नाही' असंही होतं. मी ते काकीला वाचून दाखवलं. लेपाचा भाग तिला समजला नाही. दुसरा तिने पुन्हा वाचायला लावला.

माझी नेमणूक त्या गावात पुढे चालली नाही. जूनमध्ये मला वालावलला पाठवलं. मला शिक्षा म्हणून वालावल मिळालं, यावरून शिक्षा देणाऱ्यांना शिक्षेची फारशी कल्पना नव्हती हे दिसेल. खाडीच्या काठावरचं देऊळ आणि पाण्यात पडलेली माडांची सावली बघत मी तिथे सहा वर्षं सुखाने काढली. अध्यक्ष अध्यक्ष राहिले.

त्यानंतरच्या मार्गशीर्षात मी सुटीला काकीकडे गेले होते. खलाशी नेहमीप्रमाणे बोटीवर. घरापुढचं खळं नुकतंच चोपून झालं होतं आणि आम्ही दोघी सारवत होतो. तिने अर्धं संपवलं होतं, मी कोपरा धरून बसले होते. वरून घरघर आली. एक लहानसं विमान समुद्राच्या बाजूने आलं, माडांवरून खूप खाली आलं आणि घरावर घिरट्या घालू लागलं. एक, दोन, तीन. कोण आहे ते दिसत नव्हतं. दिसण्याची गरजही नव्हती. पंख एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकले.

काकी उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले, ते तिने डोक्यावर उंच धरून जोरजोराने हलवले. मला वाटलं, आनंद झाला तिला.

"वला आसा रेऽऽ!" ती ओरडत होती. "झिला, वला आसा अजून! हय उतरू नको!"

विमानाने आणखी एक घिरटी घातली, मग ते वर उचललं गेलं आणि घाटाच्या दिशेने निघून गेलं. काकी ते ठिपका होईपर्यंत बघत राहिली.

"आयकल्यान," ती समाधानाने म्हणाली, आणि उरलेला भाग सारवायला खाली बसली.